कचेरीची सवय बदलू पाहणारा राजा

वडोदऱ्याच्या जुन्या तटबंदीबाहेर, लहरीपुरा दरवाजाच्या पलीकडे रावपुऱ्याचा रस्ता सुरू होतो. या रस्त्यावर १८९६ साली उभा राहिलेला चिमणाबाई मनोरा आजही रावपुरा टॉवर म्हणूनच ओळखला जातो. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेला हा घड्याळाचा मनोरा आहे. याच रावपुऱ्यात कोठीची भव्य इमारत आहे. गायकवाडी राज्याच्या कचेऱ्यांचा कारभार तेथून चाले. विद्येचा आश्रयदाता, ग्रंथालयांचा प्रवर्तक, सक्तीच्या शिक्षणाचा पुरस्कर्ता म्हणून महाराष्ट्र सयाजीरावांना ओळखतो. परंतु त्यांचे सर्वांत दीर्घ आणि सर्वांत खडतर काम कचेरीतले होते. हुकूम काढणाऱ्या राजापासून तो अमलात आणणाऱ्या कारकुनापर्यंत आणि शिपायापर्यंत साऱ्या यंत्रणेची वृत्ती बदलण्यासाठी त्यांनी सुमारे सहा दशके वेचली. त्या कामाचे यश मोठे आहे. त्याची मर्यादाही तितकीच बोलकी आहे.

सयाजीरावांच्या हाती जे राज्य आले, त्याची अवस्था आधी ध्यानात घ्यावी लागते. खंडेराव महाराजांच्या काळात शेतसारा रोखीत ठरवण्यात आला, तो अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढलेले असताना. पुढे भाव उतरले, सारा मात्र तसाच राहिला. मल्हारराव महाराजांच्या राजवटीत परिस्थिती आणखी बिघडली. अधिकाराच्या जागेसाठी नजराणा द्यावा आणि दिलेली रक्कम रयतेकडून वसूल करावी, ही रीतच होऊन बसली होती. १८७३ मध्ये नेमलेल्या कर्नल मीड यांच्या चौकशी आयोगापुढे वसुलीतील जुलमाच्या अनेक तक्रारी आल्या. १८७४ साली दादाभाई नौरोजी दिवाण झाले. सचोटी, विद्वत्ता आणि चांगले सहकारी हे सारे त्यांच्यापाशी होते. तरीही दरबारातील विरोध आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांचे वैर यांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. एप्रिल १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले.

गादीला वारस हवा होता. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव याची निवड केली. ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेल्या या मुलाला तोवर अक्षरओळखही नव्हती. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. शेतकऱ्याच्या घरातून थेट राजवाड्यात आलेल्या या बारा वर्षांच्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकवायला सुरुवात झाली. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्याचे शिक्षक झाले.

त्याच वेळी राज्याची सूत्रे राजा सर टी. माधवराव यांच्याकडे आली. तंजावरच्या मराठी परंपरेतील माधवरावांनी त्रावणकोरचे आणि नंतर इंदूरचे दिवाणपद गाजवले होते. वडोदऱ्यात त्यांनी इजाऱ्याने वसुली देण्याची पद्धत मोडून काढली, न्यायालये, पोलीस, शिक्षण, आरोग्य व बांधकाम अशी खाती उभी केली आणि कारभाराचे वार्षिक अहवाल छापण्यास प्रारंभ केला. राज्याने वर्षभरात काय केले हे लिहून, आकड्यांनिशी प्रसिद्ध करणे ही या दरबारासाठी अगदी नवी गोष्ट होती. तरुण महाराजांना त्यांनी राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने १८८१ साली ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूप झाली. राजाची कर्तव्ये, योग्य माणसांची पारख, प्रजेच्या सुखाची जबाबदारी असे त्यांचे विषय होते. राजाची लहर आणि राज्याचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा संस्कार सयाजीरावांवर अधिकार हाती येण्यापूर्वीच झाला.

२८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. पुढच्याच वर्षी माधवराव निवृत्त झाले. आठ हजार चौरस मैलांहून थोडे अधिक असलेले हे राज्य सलग नव्हते. वडोदरा, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते आणि मध्ये ब्रिटिश मुलूख व इतर संस्थाने पसरली होती. प्रांतावर सुभा, तालुक्यावर वहिवाटदार आणि त्यांच्या वर हुजूर, अशी उतरंड होती. अमरेलीच्या खेड्यात घडणारी गोष्ट वडोदऱ्यास कळायची, तर कागदावाचून दुसरा मार्ग नव्हता. नव्या राजाने कागद गांभीर्याने वाचायला घेतला, प्रांतांचे दौरे केले, खात्यांचे बारकावे समजून घेतले आणि लहानसहान प्रकरणांतही स्वतः निर्णय दिले.

या अतिश्रमाची किंमत त्यांना लवकरच मोजावी लागली. निद्रानाश जडला, प्रकृती ढासळली आणि वैद्यांच्या सल्ल्याने १८८७ साली ते प्रथमच युरोपास गेले. राजा राज्याबाहेर असताना कारभार कसा चालायचा, हा प्रश्न तेव्हापासून कायमचा उभा राहिला. त्यातूनच अधिकारांची वाटणी झाली. दिवाणाने काय ठरवावे, खातेप्रमुखाने काय, सुभ्याने काय आणि कोणत्या बाबी हुजुरापर्यंत याव्यात, हे ठरवून देणारे नियम झाले आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मंडळ कामास लागले. पूर्वी मर्जी विचारली जाई. आता नियम विचारला जाऊ लागला. राजाच्या आजारपणातून वडोदऱ्याला मिळालेले हे मोठे देणे होय.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. निर्णय देण्याची सवय नसलेला अधिकारी अधिकार मिळाला तरी वरच्याचे तोंड पाहतो. महत्त्वाची प्रकरणे बोटीने युरोपास जात आणि उत्तर यायला आठवड्यांमागून आठवडे लोटत. राजाच्या गैरहजेरीत दरबारातील गट डोके वर काढीत. महाराज युरोपात असताना १८९४ मध्ये जमीन पाहणी खात्यातील अधिकारी वासुदेव सदाशिव बापट यांच्यावर लाचखोरीचे आरोप ठेवण्यात आले आणि चौकशीसाठी विशेष आयोग बसला. बापटांच्या बचावाच्या कामासाठी पुण्याहून खुद्द लोकमान्य टिळक वडोदऱ्यास आले. त्यामुळे हे प्रकरण महाराष्ट्रभर गाजले. ब्रिटिश सरकारलाही संस्थानिकांचे परदेशगमन खुपत होतेच. १९०० साली व्हाइसरॉय कर्झन यांनी त्यावर बंधन घालणारे परिपत्रक काढले आणि त्याचा रोख कोणाकडे आहे हे वडोदऱ्यात सर्वांना उमगले.

चांगल्या कारभारासाठी चांगली माणसे हवीत, यावर सयाजीरावांचा भर होता. ती जेथून मिळतील तेथून त्यांनी आणली. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये महाराजांचे वाचक म्हणून नोकरीस लागले. मराठी रियासतीचे मोठे कार्य त्यांनी या नोकरीत असतानाच उभे केले. इंग्लंडमध्ये शिकलेले अरविंद घोष १८९३ मध्ये आले, जमीन पाहणीपासून सचिवालयापर्यंत वेगवेगळ्या खात्यांत राहिले आणि पुढे वडोदरा कॉलेजात अध्यापक झाले. अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि काँग्रेसचे माजी अध्यक्ष रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये महसूलमंत्री झाले, १९०९ मध्ये दिवाण झाले आणि त्याच वर्षी वडोदऱ्यातच निवर्तले. ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी विल्यम बोर्डेन या अमेरिकन तज्ज्ञाला १९१० साली पाचारण करण्यात आले. मराठी राजघराणे, गुजराती प्रजा आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले अधिकारी असा हा संगम होता. त्यामुळे नवे विचार आले, तसा स्थानिक व परका हा वादही कचेरीत शिरला.

माहिती कागदावरून घ्यावी, पण तिची खातरजमा जागेवर जाऊन करावी, हा महाराजांचा आणखी एक नेम होता. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, छप्पनिया दुष्काळ गुजरातेत अत्यंत भीषण ठरला. त्या संकटात सयाजीराव तालुक्या-तालुक्यांतून हिंडले, दुष्काळी कामे पाहिली आणि जे दिसले ते टिपून ठेवले. ही टिपणे १९०१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. राजाने स्वतःच्या यंत्रणेचे केलेले हे परीक्षण होते.

नियमाचे सामर्थ्य कुठवर पोचते, याची मोठी कसोटी शिक्षणात लागली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ च्या कायद्याने ती सक्ती राज्यभर लागू झाली. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. आधी लहान प्रदेशात करून पाहावे, चुका सुधाराव्यात आणि मग विस्तार करावा, ही महाराजांच्या कारभाराची खास पद्धत येथे स्पष्ट दिसते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा वडोदऱ्याचा दाखला डोळ्यांपुढे होता. ब्रिटिश हिंदुस्थानात ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

दत्तांच्या कारकिर्दीत न्यायदान आणि महसुली अंमल वेगळे करण्याचे काम मार्गी लागले. सारा वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यानेच न्यायाधीश होऊन बसू नये, ही मागणी काँग्रेस ब्रिटिश सरकारकडे वर्षानुवर्षे करीत होती. ती वडोदऱ्यात आधी मान्य झाली. ग्रामपंचायतींना नवे रूप मिळाले, तालुका व प्रांत पातळीवर लोकलबोर्डे आली आणि १९०८ मध्ये धारासभा स्थापन झाली. या सभेचे स्वरूप मात्र सल्ला देण्यापुरतेच होते; अखेरचा शब्द हुजुराचाच राहिला. अधिकाऱ्यांना नियमाने बांधणारा राजा स्वतःला प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती सोपवायला तयार नव्हता. सत्ता वरूनच खाली झिरपत असल्याने प्रत्येक सुधारणेचे भवितव्य एका माणसाच्या इच्छाशक्तीशी जोडलेले राहिले.

ही इच्छाशक्ती कुठे अडखळते, हे जातीच्या प्रश्नात उघड झाले. अधिकार मिळाल्यानंतर लगेचच, १८८२-८३ मध्ये, सयाजीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी सरकारी शाळा काढल्या. हुकूम निघाला, पैसा मंजूर झाला. पण सवर्ण हिंदू शिक्षक त्या शाळांत शिकवायला तयार होईनात. बराच काळ मुसलमान शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. पुढे १९०८ मध्ये पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून या शाळांची देखरेख त्यांच्याकडे सोपवण्यात आली, तेव्हा कामाला वेग आला. राजाची आज्ञा गावच्या शाळेच्या उंबरठ्यावर थबकते, याचा तो पहिला अनुभव होता.

दुसरा अनुभव अधिक दाहक ठरला. भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला पदवीपर्यंतच्या शिक्षणासाठी महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची मदत दिली होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शिफारशीने ती मिळाली. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी राज्याने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर दहा वर्षे राज्याची सेवा करण्याचा करार झाला. त्या करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर वडोदऱ्यास रुजू झाले. पुढे मोठ्या पदावर घेता यावे म्हणून त्यांना अनुभवासाठी महालेखापालांच्या कचेरीत नेमण्यात आले. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच कागद फेकीत. शहरात त्यांना राहायला घर मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले; ओळख उघड होताच अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू आणि ख्रिस्ती परिचितांनीही आसरा नाकारला. दिवाणांकडे केलेल्या विनंतीचा उपयोग झाला नाही. कमाटी बागेत काही तास बसून आंबेडकरांनी रात्रीची गाडी पकडली आणि मुंबई गाठली.

या प्रसंगाचा अर्थ सयाजीरावांच्या चरित्रात टाळता येत नाही. ज्याला राज्याने परदेशी धाडून घडवले, त्याला त्याच राज्याची कचेरी सामावून घेऊ शकली नाही. नेमणूक नियमानुसार झाली होती, पगार ठरलेला होता, राजाची मर्जीही होती. तरीही कागद हातात देण्याच्या साध्या क्रियेत शतकांचा विटाळ आडवा आला आणि त्या शिपायाला जाब विचारणारे कोणी निघाले नाही. कचेरीतील प्रतिष्ठा हुद्द्याने ठरते, असे नवा नियम सांगत होता. ती जन्माने ठरते, असे जुनी सवय बजावत होती. वडोदऱ्यात त्या दिवशी सवय जिंकली. राजा दूर नव्हता, पण त्याचे लक्ष प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचू शकत नव्हते. जे राज्य एकाच व्यक्तीच्या दक्षतेवर उभे असते, त्याची ही अटळ उणीव आहे.

त्यानंतर काही महिन्यांनीच, मार्च १९१८ मध्ये, मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद सयाजीरावांनी भूषवले. परिषदेमागे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे परिश्रम होते. महाराजांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विधवाविवाह, बालविवाहबंदी, धर्मविधी करणाऱ्या पुरोहितांची परीक्षा, घटस्फोट आणि अखेर १९३३ मध्ये जातीच्या जुलमाविरुद्धचा कायदा, अशी त्यांच्या सामाजिक विधिविधानांची मालिका अखंड आहे. १९३० साली लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत महाराज आणि डॉ. आंबेडकर दोघेही उपस्थित होते. ज्याला वडोदऱ्यात एक खोली मिळाली नव्हती, तो आता आपल्या समाजाच्या हक्कांची मागणी ब्रिटिश साम्राज्यापुढे मांडत होता.

उतारवयातही कचेरीच्या सुधारणेचा महाराजांचा ध्यास सुटला नाही. कारभाराची भाषा लोकांना कळली पाहिजे, या हेतूने १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश सिद्ध झाला. शासनव्यवहारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय देणारा हा ग्रंथ आहे. न्यायालयात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याविषयी काय लिहिले गेले हे समजावे, ही त्यामागची साधी पण मूलगामी दृष्टी. महाराष्ट्र, गोवा व इतर राज्यांत राजभाषेतील परिभाषेचे वाद आजही चालतात, तेव्हा या कोशाची आठवण व्हावी असे त्याचे मोल आहे. १९३६ मधील हीरक महोत्सवात महाराजांनी ग्रामीण व दुर्बल प्रजेच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. दहा वर्षांनंतर, १ मे १९४९ रोजी, वडोदरा राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. राजा गेला, राज्यही गेले; शाळा, ग्रंथालये, बँक, कॉलेज आणि कोठीतील दप्तरे मागे राहिली. कारभार लेखी असावा, अधिकार वाटलेले असावेत, नेमणुका गुणांवर व्हाव्यात, प्रयोग आधी लहान क्षेत्रात करावा, नोंदी प्रसिद्ध कराव्यात आणि भाषा प्रजेची असावी, ही सयाजीरावांची सूत्रे आजच्या कोणत्याही राज्याला लागू पडतील. त्यांच्या अपयशाचा धडाही तेवढाच उपयोगी आहे. नियम वरून येतो आणि वागणूक मात्र रोजच्या संगतीत घडते. टेबलावर कागद फेकणाऱ्या हाताला जाब विचारण्याची हिंमत शेजारी बसलेल्या सहकाऱ्यात जोवर येत नाही, तोवर सर्वोत्तम राजाचा सर्वोत्तम हुकूमही दप्तरातच राहतो. वडोदऱ्याच्या महाराजांनी हुकूम दिला, साधने दिली, माणसेही दिली. उरलेले काम कचेरीत बसणाऱ्या प्रत्येकाचे होते, आणि आजही ते त्यांचेच आहे.